चाळीस पोती वाळू

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी अपघात होऊ दिला नाही, म्हणून आमची विजेवरची स्कूटर भोपाळच्या मोठ्या तलावाच्या तळाशी गेली.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. तरी हे वाक्य मी दोनदा वाचून बघितलं. बरोबर आहे.

हे इथल्या एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी विभागात होते. एकतीस वर्षं. काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांना 'असं करू नका' म्हणून सांगायचं. घरी आल्यावरही ड्यूटी चालूच. आमच्या स्वयंपाकघरात शेगडीपासून चार फुटांवर फरशीवर पिवळा पट्टा मारलेला होता. पट्ट्याच्या आत फक्त मी. (सासूबाई एकदा उतू जाणारं दूध बघून आत धावल्या, तर ह्यांनी जन्मदात्या आईला शिट्टी मारली!)

एवढ्या काळजीने वागलेल्या माणसाच्या दोन्ही किडन्या निवृत्तीनंतर गेल्या. पाय सुजायला लागले तेव्हा मी सांगितलं होतं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, बूट घट्ट झालेत. दोन वर्षं बूट बदलत बसले. मग डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता, चार तास मशीनवर.

आणि पाणी बंद. म्हणजे दिवसाला पाऊण लिटर, चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट सगळं धरून. मी सकाळी एक बाटली भरायची आणि तिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा करायची. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून रिकामा करणारा माणूस, तो आता खुणा बघून पाणी प्यायचा. नळ चालू असला की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आंटी, एक भी दिन मिस हुआ तो पानी सीने में चढ़ेगा. आदमी बैठे-बैठे डूब जाता है."

बसल्या जागी बुडतो. हे शब्द मला पुढे फार आठवले.

आता दवाखान्यात जायचं कसं? मशीनवरून उतरल्यावर हे ऑटोत ओकायचे. दोन महिन्यांत नेहरू नगरचे सगळे ऑटोवाले आम्हाला लांबून ओळखायला लागले. आम्ही हात केला की ऑटो जागच्या जागी वळायचा! शेवटी पुण्याहून आमच्या शिरीषने फोनवरच विजेवरची स्कूटर पाठवली. हळू चालणारी. लायसन्स लागत नाही. माझं वय एकाहत्तर. लहानपणी अमरावतीला भावाची सायकल चोरून चालवली होती, तेवढ्या भांडवलावर मी पंधरा दिवसांत शिकले.

ह्यांची अट एकच. कारखान्यात उंचावर चढणारे मजूर बांधतात तो सेफ्टी बेल्ट ह्यांनी माळ्यावरून काढला. एक टोक स्वतःला, दुसरं माझ्या कमरेला.

"अहो, मी पडले तर तुम्हीही पडाल!"

"बेल्ट असल्यावर कोणी पडत नाही."

लग्नात गाठ मारली होती ती उपरण्याची. ही पितळेच्या कडीची. असे आम्ही आठवड्यातून तीनदा बांधलेल्या अवस्थेत निघायचो आणि कॉलनी गॅलरीत येऊन उभी राहायची.

सगळं ठीक चाललं होतं. मग कुठल्याशा गावात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये नोटीस. 'येथे विजेवरची वाहने चार्ज करू नयेत. हुकुमावरून, सेक्रेटरी.' सेक्रेटरी म्हणजे आमचा खालचा काळे. मूळ नागपूरचा, सरकारी कचेरीतून निवृत्त. मी सरळ त्याच्या दारात.

"काळे, नियम कोणी केला?"

"मीच केला, काकू."

"मग मोड."

"असा मोडता येत नाही. मिटिंग घ्यावी लागेल."

"घे."

"पुढची मिटिंग रामनवमीनंतर."

"तोवर ह्यांना मशीनवर तू पाठीवर घेऊन जाणार?"

काळे डोकं खाजवायला लागला. अजून एक धक्का दिला असता तर पडलाच असता. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. हे, कठडा धरून, दम खात. "काळे बरोबर बोलतोय! मी सेक्रेटरी असतो तर हेच केलं असतं!"

मी घरच्याच माणसामुळे हरले.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि स्कूटरची बॅटरी तळाला स्क्रूने पक्की. वर नेता येईना, खाली लावता येईना. दोन दिवस हे कागदावर चौकोन काढत बसले. तिसऱ्या दिवशी चहाच्या दोन घोटांनंतर (तेवढेच मिळायचे) म्हणाले, "पाण्यावर चार्ज करायची."

"काय?"

"स्कूटर. रफीकच्या बोटीत. आग लागली तर पसरायला काही आहे का तिथे? चारी बाजूंनी पाणी!"

"आणि बोट?"

"दोरी तोडायची. बोट जाईल तलावात. जळू दे."

"आणि आपण?"

"आपण काठावर," असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. काठावर दोन माणसं काढलेली होती. मला पदरही काढला होता.

रफीकभाई कारखान्यात क्रेन चालवायचे. निवृत्तीनंतर तलावात लोकांना फिरवायला त्यांनी वीस माणसांची छपराची बोट घेतली. मग तलावातल्या मोटरबोटी बंद झाल्या आणि ती बोट त्यांच्या शेडसमोर नुसती बांधून पडली. हे त्यांना म्हणाले तेव्हा त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग स्कूटरकडे, मग माझ्याकडे.

"को खाँ साब, सवारी तो अब बैठती नहीं. स्कूटर ही बिठा लो."

मग ह्यांच्या अंगात कारखाना संचारला. चढायला रुंद फळी. स्कूटरखाली रबराची चटई. रफीकभाईंच्या शेडमधून बांबूंवरून वायर, आणि शेडमध्ये करंट गळाला की आपोआप पडणारं एक बटण. बोटीच्या खांबाला लाल रंगाची कुऱ्हाड, दोरी तोडायला. खाली तक्ता: 'आपत्कालीन कृती. एक, दोरी तोडणे.' रफीकभाईंना बिडी ओढायला काठावर चाळीस पावलं लांब जायचा हुकूम झाला.

"भाभी," ते मला म्हणाले, "नाव मेरी, बीड़ी मेरी, और बाहर भी मैं ही."

तीन आठवडे बरे गेले. सकाळी मी स्कूटर फळीवरून आत घ्यायची. चार्जिंग होईपर्यंत मी मेथी निवडायची आणि हे बॅटरीच्या दिव्याकडे बघत बसायचे. मधून मधून तलावाकडे बघायचे. ते बघणं मला आवडायचं नाही.

"तिकडे बघू नका."

"बघायला काय बाटलीवर खूण लागते?"

मी मेथीत तोंड घातलं.

मग ह्यांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. म्हणाला, असली बॅटरी पेटली की पाण्याच्या बादलीने विझत नाही. ह्या कामाला वाळू बरी. हे फोन ठेवून बराच वेळ तलावाकडे बघत राहिले.

"अख्खा तलाव वाया गेला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोटीत चार लाल बादल्या वाळू आली. तरी समाधान नाही. दिवसभर हिशेब: एवढी बॅटरी, एवढी आग, चार बादल्या पुरतील का? रविवारी सकाळपासून तेच. माझी कणीक मळून व्हायची होती, गुडघा दुखत होता, आणि हा माणूस पिवळ्या पट्ट्यापलीकडून विचारतोय, "पाच केल्या तर?"

माझं डोकं फिरलं. "पाच बादल्यांनी काय होतंय? चाळीस पोती टाका! नि तुम्हीही गळ्यापर्यंत त्यातच बसा!"

ह्यांनी पाठ फिरवली. खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, रुसले.

मंगळवारी बोटीवर गेलो तर काठावर ट्रॅक्टर. दोन मजूर पोती उतरवताहेत आणि हे काठीने मोजताहेत. मोजून चाळीस!

रफीकभाई कपाळाला हात लावून उभे. "भाभी, साब कह रहे हैं आपका आर्डर है."

आता इथे माझी चूक. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की बाबांनो, तो टोमणा होता. पण खरं सांगते, पन्नास वर्षांत या माणसाने माझा एकही सल्ला ऐकला नव्हता. पायाच्या सुजेचा ऐकला नाही. आणि आज माझा शब्द ट्रॅक्टरमधून उतरत होता! मला बरं वाटलं. मी गप्प बसले. गप्प कसली, दोन पोती वाकडी लागली होती ती सरळ करायला लावली.

स्कूटरच्या चारी बाजूंनी वाळूची भिंत उभी राहिली. रफीकभाई आत डोकावले.

"साब, नाव में रोज़ थोड़ा पानी आता है. मैं डब्बे से उलीचता हूँ. अब डब्बा कहाँ डालूँ?"

"रेत सोख लेगी."

"और नाव नीचे बैठ गई है, साब."

"लोड लिया है. इसको स्थिरता बोलते हैं."

रफीकभाई एकतीस वर्षं ह्यांच्या हाताखालचे. साहेब म्हणाले म्हणजे झालं. ते बिडी ओढायला चाळीस पावलं गेले.

बुधवारी सकाळी आठला आम्ही स्कूटर लावली. अकराला मशीन होतं. तिथूनच परस्पर जायचं होतं. बोटीत जाताना फळी नेहमी वर चढायची. त्या दिवशी ती खाली उतरत होती. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, स्थिरता.

साडेनऊला मी काठावर डबा भरत होते. बोटीकडे बघितलं तर तिच्या काठावरून एक पाणकोंबडी चालत आत गेली. उडून नाही, चालत!

"अहो! बाहेर या!"

"का?" आतून आवाज. हे वाळूच्या भिंतीपलीकडे यादीवर खुणा करत होते.

"बोट बुडतीये!"

"आग आहे का?"

"आग नाही!"

"मग घाई नको. घाईनेच अपघात होतात."

तेवढ्यात पाणी आत आलं. हे उभे राहिले. घाबरले नाहीत, एकतीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस उजाडला होता. तक्त्याकडे बघितलं, खांबाची कुऱ्हाड काढली आणि मी "नको, नको" ओरडत असताना कृती क्रमांक एक पार पाडली. दोरी तोडली!

बांधलेली होती तोवर बोट निदान काठाला बुडत होती. आता ती दहा हात लांब जाऊन बुडायला लागली. वायर ताणली, सुटली, आणि शेडमधून आवाज आला. खट्!

मग बोट बसली. उलटली नाही, काही नाही. म्हातारी पाटावर बसते तशी, शांतपणे. छप्पर तेवढं वर राहिलं, आणि छपराखाली छातीभर पाण्यात हे. मशीनची सुई टोचायचा डावा हात झेंड्यासारखा वर धरलेला. आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तसा मी शिरीषच्या जन्माच्या वेळी पाहिला नव्हता.

"ट्रिप झालं! ऐकलंस? बटण ट्रिप झालं!"

"ऐकलं! मरा आता!"

असं म्हणाले खरी. पण मी पाण्यात उतरले होते. मला पोहता येत नाही. रफीकभाई चाळीस पावलांवरून धावत येत होते (बिडीचा नियम ह्यांचाच!) आणि हे एकदा घसरले आणि दिसेनासे झाले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हात तेवढा वर होता. सकाळपासून कमरेला तसाच राहिलेला बेल्ट मी सोडला, एक टोक घट्ट धरलं आणि कडी त्या हाताच्या दिशेने फेकली. हे वर आले, उजव्या हाताने कडी पकडली, आणि मी आणि रफीकभाईंनी त्यांना म्हैस ओढतात तसं ओढून काढलं.

काठावर बसवलं. तोंडातून पाणी गळत होतं.

"किती प्यायलात?" मी विचारलं.

"मोजलं नाही."

"बाटलीभर?"

"जास्त."

"अहो, किती जास्त?"

त्यांनी तलावाकडे बघितलं. "अगं, गोड होतं," म्हणाले.

दहा वाजले होते. स्कूटरचा एक आरसा पाण्याबाहेर होता, बाकी स्थिरता. ऑटो दिसला. ह्यांच्या अंगावर शेवाळ होतं, डोक्यावर पान होतं, तरी त्या मेल्याने आम्हाला ओळखलं आणि वळवला! मी काळेला फोन लावला.

"काळे, गाडी काढ. हे बुडाले."

"अरे देवा! काकू! शिरीषला कळवलं का? सामान आणायला कोणाला—"

"मेले नाहीत! जिवंत आहेत नि समोर बसलेत. पण अकराला मशीनवर नाही पोचले तर मरतील. सामान राहू दे, गाडी आण!"

काळे दहा मिनिटांत आला. सीटला नवं कव्हर होतं. त्याने वर्तमानपत्र पसरलं. आम्ही बसताच ते विरघळलं. ह्यांना धाप लागली होती, ओठ निळे पडत होते. गाडी सुटली तसे हे पुढे वाकले. मला वाटलं, झालं. ह्यांनी काळेच्या खांद्याला हात लावला.

"काळे. बेल्ट."

दवाखान्यात आधी वजन करतात. नर्सने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आंटी! सोमवार से पाँच किलो? कितना पानी पिलाया?"

"मैंने नहीं, बेटा. तालाब ने."

तिने ह्यांचे ओले कपडे काढायला घेतले. खिशातून वाळू पडली, ती ओंजळभर होती. (आपत्कालीन साठा!) कपडे आणि वाळू उतरली तरी वजन जास्तच. डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकलं आणि पळतच ह्यांना मशीनवर घेतलं. चार तासांचे साडेपाच तास झाले. त्या गार खोलीबाहेर मी ओल्या लुगड्यात बाकावर बसले होते. रडले नाही. नखांतली वाळू काढत होते. ती संपेपर्यंत ते बाहेर आले तर बरं, एवढंच मनात होतं. ती संपली. मग पायाच्या नखांतली काढायला घेतली.

काळे घरी गेला नव्हता. शेजारी बसून होता.

"काकू, पार्किंगमध्ये लावत जा स्कूटर."

"काळे, स्कूटर कुठंय?"

त्याने हातातली गाडीची किल्ली उलटसुलट केली. म्हणाला, "मिटिंग झाली असं समजा."

साडेपाच तासांनी हे बाहेर आले. चेहरा पांढराफटक, आवाज खोल. पहिलं वाक्य: "करंट कोणालाच लागला नाही ना?"

स्कूटर चौथ्या दिवशी निघाली. सीटखालच्या खणात तीन मासे होते. ती पुन्हा चालली नाही. रफीकभाईंची बोट निघाली, सुकली, डांबर लावून पुन्हा तरंगली. वाळू तिथेच काठावर पडून आहे, मांजरं वापरतात. आणि दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी काळे आम्हाला गाडीने न्यायला लागला. आठ महिने. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागून ह्यांची एक सूचना रोज ठरलेली. पुढे पुढे ह्यांनी तोंड उघडायच्या आधीच तो बेल्ट लावायचा आणि मागे वळून दाखवायचा.

हे थंडीत गेले. खुर्चीत, सकाळी, हृदय बंद पडून. रविवार होता, मशीनचा दिवस चुकवला नाही. बाटलीत दोन खुणा पाणी शिल्लक होतं.

ह्यांनी लिहून ठेवलं होतं की लाकडं नकोत, विजेच्या दाहिनीत न्या, ठिणग्या उडत नाहीत. शिरीष पुण्याहून आला. मी पायात चपला घातल्या तेव्हा म्हणाला, "आई, तू कशाला? बायका जात नाहीत."

"वायरिंग बघायला," मी म्हणाले.

तिथे सगळं नीट होतं. ह्यांना रुळांवर ठेवलं. काळे रडत होता, रफीकभाई दाराशी डोक्याला रुमाल बांधून उभे होते. आत ढकलायच्या आधी माझी नजर सवयीने चारी कोपऱ्यांत फिरली. मला राहवलं नाही. तिथल्या माणसाला म्हणाले, "भैया, रेत की बाल्टी कहाँ है?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात, समजूत काढल्यासारखं म्हणाला, "अम्मा, यहाँ आग बुझाते नहीं हैं."

मागे रफीकभाईंना ठसका लागला. काळे रडता रडता भिंतीकडे तोंड करून हलायला लागला. शिरीषने माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

पण बाहेर टेबलावर सूचनांची वही होती. मी तिच्यात लिहून आले: आत वाळूच्या चार बादल्या ठेवाव्यात.

चाळीस लिहिणार होते. पण आता मी विचार करून बोलते.